बँकॉकात घाबरत घाबरत जेवलेले पंधरा दिवस

तीन माणसं एका टेबलावर पंधरा दिवस जेवली, तर किती किस्से निघावेत? आमचे अजून निघतच आहेत. अहेरीकडच्या आमच्या जंगल खात्याच्या लहानशा ऑफिसात कोणी नवा बदलून आला, त्याचा पहिला चहा झाला, की कोणीतरी म्हणतेच, "रामटेके, ते बँकॉकचं होऊन जाऊ द्या." मी एक सांगायला बसतो आणि दुसरा त्याच्या मागं आपोआप येऊन उभा राहतो. ऐकणारे हसतात. हसू द्या. पण खरं सांगतो, ते पंधरा दिवस आम्ही तिघंही भेदरलेले होतो. आणि सगळ्यात जास्त भेव लागायचं ते जेवायच्या वेळेला.

गडचिरोली जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. बँकॉकला बांबूच्या लागवडीचं ट्रेनिंग होतं आणि आमच्याकडून तिघांची नावं गेली. एक आमचे रेंजर कोंडावार साहेब, सिरोंच्याचे. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी आणि वरच्या साहेबांसमोर इंग्रजी. पक्के शाकाहारी. दुसरे मडावीभाऊ, फॉरेस्टर, पन्नाशीचे, गोंड. बांबूवर टिचकी मारून त्याचं वय सांगायचे. तिसरा मी, वरोऱ्याचा रामटेके, नकाशे काढणारा आणि टायपिंग करणारा. तिघांपैकी कोणी समुद्र पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा दिसला विमानातून, आणि मडावीभाऊंनी लगेच खिडकीची झडप खाली ओढली.

* * *

होस्टेलात जेवण मिळायचं. पण पहिल्याच दिवशी कोंडावार साहेबांच्या सूपमधून कोंबडीचा पाय वर आला, नखांसकट. साहेब उठले ते दोन दिवस केळी आणि पाण्यावर राहिले. तिसऱ्या दिवशी वर्गात त्यांना गरगरलं. मग आम्ही दोघं त्यांना धरून बाहेर पडलो.

रस्त्यावरच्या पाट्या सगळ्या थाई. एक अक्षर लागेना. एका ठिकाणी मात्र इंग्रजीत 'मलेशियन फूड' असं लिहिलेलं दिसलं आणि काचेमागं एक म्हातारा पोळीसारखं काहीतरी हवेत फिरवून तव्यावर टाकत होता. साहेब दारातच थांबले.

"रामटेके, आत जाऊन पाहून ये, काय शिजून राह्यलं ते."

आत मालकीण होती. डोक्याला रुमाल बांधलेली, माझ्या आईच्या वयाची बाई. हलीमाबाई तिचं नाव. मलेशियातून लग्न होऊन इकडे आलेली. मी तिला मोडक्या इंग्रजीत समजावलं की साहेब मांस खात नाहीत, आणि मला झिंगे चालत नाहीत, लहानपणी खाल्ले की ओठ सुजायचे. ती दोन्ही गोष्टींना "ओके, ओके" म्हणाली.

साहेबांपुढं केळीच्या पानावर नारळाच्या दुधात शिजवलेला भात आला. बाजूला काकडी, शेंगदाणे आणि लाल चटणी. त्या चटणीत बारीक, काडीसारखं, कुरकुरीत काहीतरी होतं. साहेबांनी भात कालवला, घास घेतला आणि डोळे मिटले. दोन दिवसांनंतरचा पहिला घास होता तो.

मी त्या काड्यांकडे पाहिलं. एका काडीला डोळा होता.

मी मडावीभाऊंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या आधीच ओळखलं होतं. त्यांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. साहेब जेवत राहिले. बोटं चाटून म्हणाले, "कुरकुरीत आहे गा. उद्या जास्त टाकायले सांग."

बाहेर आल्यावर मी मडावीभाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, बोलले काऊन नाई? पाप लागते आपल्याले."

"लागू दे," ते म्हणाले. "दोन दिवसांनी जेवून राह्यला होता तो माणूस."

नंतरचे सगळे दिवस साहेब ती चटणी मागवत होते आणि मी त्यांचा एक-एक घास मोजत होतो. आता दिसेल, आता कळेल, आता ताट फेकून उठतील. शेवटी परत येताना कलकत्ता-नागपूर गाडीत माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं आणि मान खाली घातली.

साहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. म्हणाले, "रामटेके, मी प्राणहितेच्या काठावर वाढलो. मासा मले वासानंच समजते."

"मग साहेब, तुम्ही खाल्ले कसे?"

"भूक लागली होती. तुम्ही दोघं बोलले नाई, तर म्या काऊन बोलू?" मग म्हणाले, "घरी सांगू नको."

आता साहेब रिटायर झाले आहेत. हल्ली ते स्वतःच हा किस्सा सांगतात. फक्त काकू घरात नसल्या तरच.

* * *

हॉटेल होस्टेलच्या समोरच होतं, पण मधे रस्ता होता. रस्ता म्हणजे आपल्या चंद्रपूरचा नव्हे. सहा पदरी, आणि त्यावरून गाड्या अशा यायच्या जशा कोणी मागून सोडून दिल्या आहेत. मी आणि साहेब एकमेकांचे हात धरून पळत सुटायचो. मडावीभाऊ काठावरच राहायचे.

हा माणूस रात्री-बेरात्री कोठीच्या जंगलातून एकटा चालत आलेला. पण इथं पाऊल टाकून ते परत मागं घ्यायचे. मी एकदा परत येऊन त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला.

"जनावर येते त्याची वेळ असते, वाट असते," ते म्हणाले. "हे कवाबी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही असेच उभे असताना भिक्षापात्र घेतलेले, भगवं चीवर पांघरलेले एक भंतेजी आमच्या बाजूला येऊन थांबले. म्हातारे, अनवाणी. माझे हात आपोआप जुळले. आमच्या घरी छप्पन सालापासून बुद्धाची तसबीर आहे, पण चीवर घातलेला माणूस इतक्या जवळून मी वरोऱ्यात फार तर दोन-तीनदा पाहिला होता. भंतेजींनी आमच्याकडे पाहिलं, मडावीभाऊंच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि एक पाऊल रस्त्यावर टाकलं. गाड्या थांबल्या. बससुद्धा थांबली. भंतेजी शांत चालत गेले आणि त्यांच्या सावलीला सावली लावून मडावीभाऊ गेले.

त्या दिवसापासून मडावीभाऊ भंतेजी आल्याशिवाय रस्ता ओलांडेनात. कधी अर्धा अर्धा तास. आम्ही पलीकडे जेवून घ्यायचो आणि ते अलीकडे उपाशी उभे.

मी एकदा चिडलो. "भाऊ, भात थंडा होऊन राह्यला तुमचा."

"होऊ दे थंडा," ते पलीकडून ओरडले. "मी थंडा नाई होणार."

* * *

हॉटेलातल्या चौथ्या का पाचव्या दिवशी पोळीबरोबर वरण आलं. फारच पातळ होतं. हलीमाबाईला वाईट वाटू नये म्हणून साहेब चेहरा हसरा ठेवून, अगदी हळू, तेलुगूत पुटपुटले, "इदि पप्पु कादु, नीळ्ळु." म्हणजे हे वरण नाही, पाणी आहे.

मागून, भिंतीतल्या खिडकीतून, तेलुगूतच आवाज आला, "रेपु चिक्कगा चेस्तानु." उद्या घट्ट करतो.

साहेबांचा चमचा खाली पडला. नंतर त्यांनी मला सांगितलं, त्यांना वाटलं त्यांचे वारलेले काका बोलले. दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून बसले. मागं वळून पाहायची हिंमत नव्हती.

खिडकीतून डोकावला तो पोळ्या फिरवणारा म्हातारा. रामुलू त्याचं नाव. त्याचा बाप गोदावरीकडून मलेशियाला रबराच्या मळ्यावर मजूर म्हणून गेलेला. रामुलू तिकडेच जन्मला, तिकडेच वाढला, आणि हलीमाबाई आणि तिच्या नवऱ्याबरोबर स्वयंपाकी म्हणून बँकॉकला आला. आपला देश त्यानं कधी पाहिला नव्हता. तेलुगू तेवढी घरातली राहिली होती.

साहेबांना आनंद व्हायला पाहिजे होता. पण ते पांढरे पडले होते. कारण चार दिवस ते त्याच टेबलावर बसून, कोणाला समजत नाही म्हणून, तेलुगूत काय वाटेल ते बोलले होते. भाताबद्दल, हलीमाबाईच्या नवऱ्याच्या पोटाबद्दल, आणि पोळी फिरवणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातांच्या स्वच्छतेबद्दल.

रामुलू बाहेर आला. साहेबांच्या समोर दोन्ही हात धरले, पंजे वर, मग पंजे खाली. ओले होते, साबणाचा वास येत होता. मग परत आत गेला.

* * *

आता माझा.

एका दुपारी हलीमाबाईनं पालेभाजी दिली. हिरवी, लसूण घातलेली, आपल्या करडईच्या भाजीची आठवण येईल अशी. मी म्हटलं, भाजीत काय असणार? दोन वेळा मागून घेतली.

तिच्यात वाटलेल्या सुक्या झिंग्यांचं वाटण होतं. तिकडे ते मिठासारखं वापरतात. हलीमाबाईच्या हिशोबात झिंगा म्हणजे अख्खा झिंगा. वाटलेला म्हणजे मसाला.

आधी ओठ चुरचुरले. मग कान गरम झाले. मी पाणी प्यायला गेलो तर पाणी घशाखाली जाईना. बाजूच्या आरशात माझं तोंड दिसलं आणि ते माझं नव्हतं. श्वास आत येताना शिट्टी वाजत होती.

साहेब "डॉक्टर, डॉक्टर" करत रस्त्यावर पळाले. हलीमाबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, भाजीच्या ताटलीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडाचं पाणी पळालं. चप्पल न घालता ती मला ओढत निघाली. चार दुकानं सोडून दवाखाना होता. माझी दुसरी बाजू मडावीभाऊंनी धरली होती.

मला एवढंच वाटत होतं की आईला कोण सांगणार. वरोऱ्याला तार जाईल, ती कोणाकडून तरी वाचून घेईल, आणि बँकॉक कुठं आहे हेसुद्धा तिला समजणार नाही. तिच्या लेकाला नेमकं कुठं शोधायचं हेच तिला कळणार नाही.

मडावीभाऊंचा आवाज कानाजवळ येत होता. "रामटेके, डोये मिटू नोको. तुया वरोऱ्यातल्या गल्लीत कोण कोण राह्यते ते सांग. पह्यल्या घरापासून. सांग."

साप चावलेल्या माणसाला ते असंच जागं ठेवायचे, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे आणखी भीती वाटली. पण मी सांगायला लागलो. पहिलं घर मेश्रामांचं. दुसरं शेंड्यांचं. तिसऱ्यात मास्तर. आवाज निघत नव्हता, तर ओठ हलवून, बोटांवर मोजून सांगत होतो. डॉक्टरनं दंडात सुई टोचली तेव्हा मी अकराव्या घरापाशी होतो.

अर्ध्या तासानं श्वास मोकळा झाला. हलीमाबाई माझ्या पायाशी बसून रडत होती आणि साहेब भिंतीला टेकून बसले होते. मडावीभाऊ खाटेच्या कडेवर, माझा हात अजून धरूनच.

"अकराव्या घरी कोण राह्यते?" त्यांनी विचारलं.

"आम्ही," मी म्हटलं.

त्यांनी मान फिरवली आणि बराच वेळ भिंतीवरची पाल पाहत बसले. दुसऱ्या दिवसापासून हलीमाबाईच्या चुलीवर माझं पातेलं वेगळं होतं. त्याच्या कडीला तिनं लाल दोरा बांधला होता.

* * *

तिघांचे पासपोर्ट आणि परतीची तिकिटं साहेबांच्या कापडी पिशवीत असायची. पिशवी साहेबांच्या गळ्यात. आंघोळीलासुद्धा ते ती दाराच्या खिळ्याला टांगून, दार उघडं ठेवून जायचे.

एका दुपारी जेवून निघालो, रस्त्याच्या काठाशी भंतेजींची वाट पाहत उभे होतो आणि साहेबांनी गळ्याला हात लावला. गळाच होता फक्त.

ते खाली बसले. "रामटेके, आता आपण कोणत्याच देशाचे नाई."

धावत परत गेलो तर हॉटेलचं शटर खाली. दुपारी ते दोन तास बंद ठेवायचे. आम्ही फटीतून डोकावत होतो, शटर हलवत होतो, तेवढ्यात एक पोलीस आला. त्यानं थाईत काहीतरी विचारलं. त्यातला एकच शब्द आम्हाला समजला. पासपोर्ट.

साहेबांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. पंचवीस वर्षांची खाकीची सवय. पोलीस गोंधळला, त्यानंही ठोकला. आता पुढं काय करायचं हे दोघांनाही समजेना.

या सगळ्यात मडावीभाऊ कुठं दिसेनात. वळून पाहतो तर ते रस्त्याच्या पलीकडे. हलीमाबाईचं घर पलीकडच्या गल्लीत होतं, हे त्यांना ठाऊक होतं. सहा पदर, ऐन गर्दी, भंतेजींशिवाय. कसे गेले ते त्यांनाही पुढं कधी सांगता आलं नाही.

हलीमाबाई आली, पोलिसाला काहीतरी बोलली, शटर उघडलं आणि थेट तांदळाच्या पिंपाजवळ गेली. कोपरापर्यंत हात घालून पिशवी काढली. हात-तोंड धुताना साहेब ती खिळ्याला टांगून विसरले होते. तिच्या मते हॉटेलात तेवढीच एक जागा अशी होती जिथं दुसऱ्या कोणाचा हात जात नाही.

पुढं कलकत्त्याला उतरलो तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं साहेबांचा पासपोर्ट उघडला. त्यातून तीन-चार तांदूळ टेबलावर पडले. त्यानं ते बोटानं सरकवून पाहिले, मग साहेबांकडे पाहिलं.

"अक्षत हैं, साहब," कोंडावार साहेब म्हणाले. "शुभ यात्रा के."

त्यानं तांदूळ कपाळाला लावले आणि शिक्का मारला.

* * *

हा शेवटचा मी ऑफिसात कधी सांगितला नाही. मडावीभाऊ होते तोवर सांगण्यासारखा नव्हता.

निघायच्या आधीचा रविवार. दुपारी हॉटेलात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आमचं जेवण यायचं होतं. रामुलू चुलीवरून मोकळा होऊन आमच्या टेबलाजवळ येऊन बसला. भिंतीवर मलेशियाचं कॅलेंडर होतं, त्यावर वाघ. साहेबांनी त्याला विचारलं, तिकडे वाघ आहेत का?

रामुलूनं हळूच बोट ओठावर ठेवलं. म्हणाला, मळ्यावर त्याचं नाव कोणी घेत नसे. आजोबा म्हणायचे. साहेबांनी ते आम्हाला मराठीत सांगितलं. मडावीभाऊंनी मान हलवली. आमच्याकडेही नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात.

साहेबांना मग स्फुरण चढलं. त्यांनी मडावीभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि रामुलूला सांगायला सुरुवात केली, की हा आमचा मडावी, यानं जनावराला कुऱ्हाडीनं हाकललं आहे. ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ होती. जिवतीच्या डोंगरात बांबू तोडताना जनावरानं लच्चू नावाच्या मजुराला धरलं, आणि मडावीभाऊ कुऱ्हाड घेऊन धावून गेले. लच्चू वाचला नाही, पण अंग गावाला मिळालं. त्याबद्दल मडावीभाऊंना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते मीच टाईप केलं होतं.

"साहेब," मडावीभाऊ म्हणाले. "तसं झालं नाई ते."

साहेब थांबले.

"आम्ही जेवायले बसलो होतो. चौघं. पानं मांडली होती. लच्चू नाल्यावर हात धुवायले गेला. मी त्याच्याच तोंडाकडे तोंड करून बसलो होतो. मले जनावर दिसलं. त्याच्या मागं. मी पाह्यलं आन् माह्या तोंडातून आवाज नाई निघाला. कुऱ्हाड माह्या मांडीजवळ होती." ते टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत होते. "मी पळालो. सडकेपर्यंत पळालो. मग लोकं घेऊन वापस आलो, तवा कुऱ्हाड हातात होती. जुन्या साहेबानं तेच पाह्यलं आन् तसंच लिहिलं. मी नाई म्हटलं नाई. लच्चूच्या बाईनं माह्ये पाय धरले. तवाबी नाई म्हटलं नाई."

प्रशस्तिपत्रातली ती ओळ अजून मला पाठ होती. 'जिवाची पर्वा न करता.'

रामुलू साहेबांकडे पाहत होता. साहेबांनी तेलुगूत सांगायला सुरुवात केली. जेवायला बसले होते, नाला, जनावर, कुऱ्हाड. एका जागी येऊन ते अडले. आम्हाला तेलुगू येत नव्हती, पण कुठं अडले ते कळलं.

"सांगा जी," मडावीभाऊ म्हणाले. "तेच सांगा."

साहेबांनी तो शब्द सांगितला, पळाला.

रामुलूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एकच गोष्ट विचारली. साहेबांनी ती मराठीत केली, "विचारून राह्यला, लच्चूचं जेवण झालं होतं का?"

"नाई," मडावीभाऊ म्हणाले. "पान वाढलेलं होतं. तसंच राह्यलं."

रामुलू उठून आत गेला. आमची तीन पानं घेऊन आला, ती आमच्यापुढं ठेवली. परत आत गेला आणि आणखी एक पान आणलं. भात, वरण, भाजी, सगळं. ते रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलं, पेल्यात पाणी ओतलं आणि आम्हाला हातानं खूण केली, जेवा.

आम्ही जेवलो. मडावीभाऊंनी पान स्वच्छ केलं, एक शीत ठेवलं नाही.

हात धुवायची मोरी मागं होती, स्वयंपाकघराच्या पलीकडे, अंगणात. मडावीभाऊ उठले तसा रामुलूही उठला. त्यांच्या मागोमाग गेला. मडावीभाऊ वाकून हात धूत होते, आणि रामुलू त्यांच्याकडे पाठ करून, अंगणाच्या दाराकडे तोंड करून उभा होता. त्यांनी हात पुसेपर्यंत तो तसाच उभा राहिला.